तडीरी, आधी मल्लप्पांना लिहू द्या

आमच्या घरात अक्काची शाळा सातवीत सुटली, ती नळामुळे. जुन्या हुबळीत एका खोलीत आम्ही पाच जणं राहत होतो. अप्पा कोप्पीकर रोडवरच्या एका कापड दुकानात गाठी उचलायचे, गिऱ्हाइकापुढे थान उलगडायचे आणि ते गेलं की पुन्हा गुंडाळून ठेवायचे. आई दोन घरचा स्वयंपाक करायची. पाणी आठवड्यातून एकदा यायचं, उन्हाळ्यात त्याहून उशिरा, आणि कुठल्या दिवशी, कुठल्या वेळी येणार ते कोणालाच माहीत नसायचं. सकाळी आलं तर आईचं काम बुडायचं. दुपारी आलं आणि घराला कुलूप असलं तर पुढचा आठवडाभर शेजाऱ्यांच्या दारात कळशी घेऊन उभं राहायचं. असं दोनतीनदा झाल्यावर अप्पा म्हणाले, "पाण्याचा काय भरवसा नाही. मोठी पोरगी घरात असू दे." झालं. माझ्यापेक्षा गणितात हुशार असलेली माझी बहीण कोरड्या नळाची राखण करत घरी बसली आणि मी शाळेत जात राहिले. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी झाले. त्याचा मला अभिमान आहे आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

मी प्रोग्रॅम लिहिते. हुबळीतच, कोप्पीकर रोडवरच्या एका इमारतीत, साडीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी आहे. कंपनी म्हणायचं, पण सगळे मिळून एका टेबलाभोवती डबा खाऊ शकतो एवढीच माणसं. बरोबरचे बहुतेक बेंगळूर-पुण्याला गेले. मी गेले नाही. आईला सोडून जायचं नव्हतं हे एक, आणि इथलं काम मला आवडायचं हे दुसरं. आमचे मालक देसाई सर धारवाडचे. घरात मराठी, दुकानदाराशी कन्नड, चिडले की दोन्ही.

मी आयुष्यात बरीच कामं केली. दवाखान्यांची बिलं, सहकारी सोसायट्यांचे हिशोब, एका शाळेचं वेळापत्रक. पण कोणी विचारलं, तुझ्या हातून धड असं काय झालं, तर मी एका कुलपाचं नाव घेते. चावीचं कुलूप नव्हे. प्रोग्रॅममधलं. ते काय असतं ते आधी सांगते, फार अवघड नाही.

हुबळीतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या शाळेबाहेर निकालाचा बोर्ड लागलाय असं समजा. वाचणारे कितीही असू देत, शंभर जणांनी एकदम वाचला तरी बोर्डाचं काही बिघडत नाही. पण शिपाई जुना कागद काढून नवा चिकटवत असला, तर तेवढा वेळ कोणी वाचता कामा नये. नाहीतर अर्धी नावं जुन्या कागदावरची आणि अर्धी नव्या कागदावरची वाचून पोरं घरी जाणार. म्हणून नियम असा: वाचणारे एकत्र कितीही, लिहिणारा मात्र एकटा, आणि तो लिहीत असताना दुसरं कोणी नाही. कॉम्प्युटरमध्ये हा नियम पाळायला लावणारा जो लहानसा भाग असतो, त्याला आम्ही कुलूप म्हणतो.

आता तो शिपाई खळ आणि कागद घेऊन गर्दीच्या मागे उभा आहे. पुढचे दोघे वाचून बाहेर पडतात, तोवर नवे तिघे घुसतात. बोर्डापुढची जागा रिकामी झाल्याशिवाय त्यानं पुढे जायचं नाही, असा नियम. आणि जागा कधी रिकामीच होत नाही. असा तो किती वेळ उभा राहील? गर्दी असेल तितका वेळ.

हेच आमच्याकडे घडलं.

शहराच्या काही भागांतलं पाणी सोडायचं काम ज्या कार्यालयाकडे होतं, त्यांच्यासाठी आमच्या कंपनीनं एक ॲप केलं होतं. तुमच्या गल्लीत पाणी कधी येणार, ते फोनवर दिसणार. व्हॉल्व्ह उघडणारी माणसं आपापल्या फोनवरून नोंद टाकायची, लोक ती बघायचे. मूळ प्रोग्रॅम माझ्या आधीच्या माणसानं लिहिला होता, तो बेंगळूरला गेल्यावर माझ्याकडे आला. त्यातलं कुलूप पाठ्यपुस्तकात असतं तसंच होतं. वाचणाऱ्याला अडवायचं नाही, आत कोणी नसेल तेव्हा लिहिणाऱ्यानं लिहायचं. एरवी ते छान चालायचं. लोकांना ॲप आवडलं होतं. अक्का लग्न होऊन हुबळीतच, केशवापूरला गेली होती, ती तर मैत्रिणींना सांगायची, "आमच्या धाकटीनं नळाला घड्याळ बांधलंय."

एका उन्हाळ्यात मोठी पाइपलाइन फुटली. दुरुस्तीला दिवस लागले, सगळीकडे पाणी लांबलं. केशवापूरच्या एका भागात पाणी सोडलं तेव्हा ते गढूळ आणि वास येणारं निघालं. गटाराचं पाणी कुठेतरी मिसळलं होतं. तिथले व्हॉल्व्हमन मल्लप्पा. साइटवरच्या इंजिनियरनं त्यांना सांगितलं, ताबडतोब नोंद टाका, पाणी पिऊ नका. त्यांनी टाकली आणि व्हॉल्व्ह बंद करायला धावले. पण ॲपवर ती सूचना दिसली ती लोकांनी हंडे भरून, पाणी पिऊन झाल्यावर. कितीतरी घरांत जुलाब-उलट्या झाल्या, काही जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं. सगळे बरे होऊन घरी आले, ही देवाची कृपा. अक्काची गल्ली दोन वळणं पलीकडे होती, तिच्याकडे पाणी पोचायच्या आत व्हॉल्व्ह बंद झाला होता.

चौकशी झाली. ॲपवर सूचना उशिरा दिसली, म्हणजे व्हॉल्व्हमननं ती उशिरा टाकली, असा सरळ हिशोब कार्यालयानं केला. मल्लप्पांना निलंबित केलं. पुढे नोकरीवरून काढायचं असं बोललं जात होतं.

ते आमच्या कार्यालयात आले. जिना चढून आले आणि दारातच उभे राहिले. पन्नाशीचा माणूस, पांढरा शर्ट, हातात खात्याचा फोन. तो अजून परत घेतला नव्हता.

"अक्कार, ना हाकीनरी," ते म्हणाले. ताई, मी टाकली होती.

"बसा आधी, मल्लप्पा. कधी टाकली?"

"इंजिनियर सायेब बोलले आन् तिथंच दाबलं बटण. चाक फिरत होतं. मी म्हटलं जाईल. व्हॉल्व्ह बंद करायचा होता की हो." मग म्हणाले, "तुमचं मशीन खोटं बोलत नाही म्हणतात सायेब. मग मी खोटं बोलतो का?"

देसाई सर आतून ऐकत होते. ते बाहेर आले नाहीत.

मी त्या दिवशी प्रोग्रॅम उघडून बसले, आणि कुलपाच्या त्या पानावर आल्यावर मला फार शोधावं लागलं नाही. पाणी इतके दिवस लांबलेलं. अख्खं केशवापूर, अख्खं शहर दर मिनिटाला ॲप उघडून बघत होतं. वाचणारे संपतच नव्हते. मल्लप्पांची नोंद आमच्या मशीनपर्यंत पोचली होती आणि खळ-कागद घेतलेल्या शिपायासारखी मागे उभी होती.

मी देसाई सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे तू पाण्याच्या कार्यालयात सांगितलंस तर काय होईल, माहीत आहे ना? काम जाईल आपलं."

"आणि नाही सांगितलं तर मल्लप्पांचं जाईल."

"त्याला खात्यात दुसरीकडे घेतील गं."

"सर, त्यांना काढायचं चाललंय."

सरांनी चष्मा पुन्हा चढवला आणि म्हणाले, "नुसतं सांगू नकोस. तिथला मोठा साहेब ऐकून घेणाऱ्यातला नाही. दाखव त्याला." सरांबद्दल माझी बरीच गाऱ्हाणी आहेत, पण हे वाक्य मी विसरणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतः माझ्याबरोबर आले, मल्लप्पांनाही सोबत घेतलं.

पाण्याच्या कार्यालयातले मोठे साहेब म्हणाले, "प्रत्येक जण सॉफ्टवेअरवर ढकलतो. माणूस चुकतो, मशीन नाही." मी वाद घातला नाही. माझ्या लॅपटॉपवर त्या प्रोग्रॅमची प्रत होती, आणि हजारो लोक ॲप बघताहेत असं सोंग करणारा एक लहान प्रोग्रॅम मी लिहून नेला होता. मल्लप्पांचा फोन त्या प्रतीला जोडला आणि साहेबांच्याच हातात दिला. "सर, तुम्ही नोंद टाका."

त्यांनी टाकली. चाक फिरायला लागलं.

"नेटवर्क नाही वाटतं."

"आहे, सर. तुमची नोंद इथं मशीनमध्ये आली आहे. ती दारात उभी आहे."

चहा आला. साहेबांनी फोन उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. चहा संपला, चाक फिरतच होतं. "किती वेळ?"

"लोक विचारायचे थांबेपर्यंत."

मी सोंगाचा प्रोग्रॅम बंद केला. त्याच क्षणी त्यांची नोंद पडद्यावर आली. साहेब माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे लोक विचारताहेत, म्हणून लोकांना कळत नाही?"

"हो, सर."

दाराशी उभ्या मल्लप्पांना वाटलं, सुटलो. पण साहेब पक्के. म्हणाले, "हे दुरुस्त करून आणा. दुरुस्त झालेलं माझ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी याच्या कागदावर सही करणार नाही. नाहीतर उद्या माझ्यावर येईल." म्हणजे मल्लप्पांची नोकरी आता माझ्या कुलपाला लटकली.

वरवर बघता दुरुस्ती सोपी होती. लिहिणारा आला की नव्या वाचणाऱ्यांना दारात थांबवायचं. आतले वाचून बाहेर आले की त्यानं लिहायचं. थांबवणाऱ्या त्या भागाला प्रोग्रॅममध्ये काहीतरी नाव द्यावं लागतं. मी नाव दिलं 'तडीरी'. आमच्याकडच्या कन्नडमध्ये 'तडीरी' म्हणजे जरा थांबा, अहो-जाहो करून. 'निल्री' म्हटलं की उभे राहा, त्यात पुढे काय ते नाही. 'तडीरी'त तुमची पाळी येणार आहे हे धरलेलं असतं. मला तेच हवं होतं.

पण नोंदी सगळ्या सारख्या नसतात. पाइपांना प्रेशर मोजायची यंत्रं बसवली होती, तीही सारखी नोंदी टाकायची. त्यांच्यासाठी लोकांना थांबवत बसले तर ॲप कोणालाच दिसणार नाही. म्हणून नोंदींना मान लावायचा असं ठरवलं. पाणी बंद, पाणी पिऊ नका, असल्या नोंदी सगळ्यांच्या पुढे. बाकीच्यांनी मागे. व्हॉल्व्हमन इंग्रजी अक्षरांत कन्नड टाइप करायचे. मी प्रोग्रॅमला शिकवलं, नोंदीत 'बंद' दिसलं की तिला पहिला मान.

आधी थोड्या भागांत चालू करून बघितलं. सकाळी अक्काचा फोन. "ए, तुझं ॲप नुसतं गोल गोल फिरतंय गं. नळाला पाणी आलं, माझी टाकी भरली, आता फरशी धुऊन झाली, तरी तुझं चाक फिरतंयच!"

मी रांगेतल्या नोंदी उघडल्या आणि मोठ्यानं वाचायला लागले. "बंद... बंद... हे पण बंद... सर, अख्ख्या शहराचं पाणी बंद झालंय का?"

देसाई सरांनी माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि जे हसायला लागले, की खालच्या साडीच्या दुकानातला माणूस वर बघायला आला. "अगं ए मराठी पोरी! 'नीर बंदाव' म्हणताहेत ते. पाणी आलं! आलं म्हणताहेत!"

कन्नडमध्ये 'बंदाव' म्हणजे आलं. मी जन्मापासून हुबळीत वाढले, भाजी कन्नडमध्ये घेते, भांडते कन्नडमध्ये, पण प्रोग्रॅम लिहिताना डोकं मराठीत चालत होतं. मराठी कानाला 'बंद' म्हणजे एकच. माझ्या कुलपानं 'पाणी आलं' या नोंदीला संकटाचा मान दिला होता. सकाळी गल्लोगल्ली पाणी येत होतं, प्रत्येक गल्लीची नोंद लोकांना दारात थांबवत होती. ज्या वेळी पाणी येतं, नेमकं त्याच वेळी ॲप बंद. कुठल्या अर्थानं ते तुम्हीच ठरवा.

मल्लप्पांना हे सांगावं लागलं, कारण साहेबांना दाखवायचा दिवस पुढे ढकलावा लागला. मला फार जड गेलं. त्या काळात ते एका बांधकामावर टँकरच्या पाण्याची राखण करत होते. ते आधी हसले. "अक्कार, आमच्या नीरला तुम्ही बंद करून टाकलं की!" मग विचारलं, "पुढच्या वेळी होईल ना?" मी हो म्हटलं. ते हो मला खात्रीनं म्हणता येत नव्हतं.

पुढचं काम मी घाई न करता केलं. शब्दांवरून मान ठरवणं काढून टाकलं. फोनवर बटणंच वेगळी केली, पिऊ नकाचं लाल. मग मान कसा चालवायचा ते नव्यानं लिहिलं. लाल नोंद आली की नवे वाचणारे आणि बाकीचे लिहिणारे सगळे तडीरी. साध्या नोंदीनं लिहून झालं की तोवर दारात साचलेल्या सगळ्या वाचणाऱ्यांना एकदा आत सोडायचं, मगच पुढची साधी नोंद. म्हणजे लिहिणाऱ्यांनी लोकांना उपाशी ठेवायचं नाही. साधी नोंद फार वेळ उभी राहिली तर तिचा मान हळूहळू वाढतो, पण लाल नोंदीच्या वर तो कधी जात नाही. वाट बघून थोरपण मिळतं, पण एका मर्यादेपर्यंत.

एक अडचण राहिली. आत गेलेल्या वाचणाऱ्याला हात धरून बाहेर काढता येत नाही, तो अर्धवट वाचून निघाला तर चुकीचं वाचून जाणार. तेव्हा आत कोणी फार वेळ बसायचं नाही, एवढीच काळजी घेता येते. आणि फार वेळ बसणारा एकच होता: साहेबांचा महिन्याचा रिपोर्ट. तो चालू झाला की आतच ठाण मांडून शहरभराची माहिती वाचत बसायचा. मी त्याला तुकड्यातुकड्यानं वाचायला लावलं. थोडं वाचायचं, बाहेर यायचं, पुन्हा रांग.

हे साहेबांच्या पीएला कळलं. त्याचा फोन आला. "मॅडम, साहेबांचं काम सगळ्यात वर ठेवा. नगरसेवकांचे प्रश्न येतात, त्यांचंही वरच."

"तसं नाही होत."

"का नाही होत? तुमच्या हातात आहे की."

"मान कामाला आहे, माणसाला नाही. साहेब लाल बटण दाबतील तर साहेब पहिले. मल्लप्पा दाबतील तर मल्लप्पा."

"मल्लप्पा? सस्पेंड झालेला?" पीएनं फोन ठेवला. हे ऐकून देसाई सर म्हणाले, "जरा गोड बोलली असतीस तर चाललं असतं." चाललं असतं, खरं आहे. मला ते तेव्हाही जमत नव्हतं, आता तर सवयच गेली.

दुसऱ्यांदा साहेबांच्या खोलीत गेलो तेव्हा मी मागच्यापेक्षा जास्त गर्दीचं सोंग लावलं. वर साहेबांना म्हटलं, तुमचा रिपोर्टही चालू करा. त्यांनी केला. पडद्यावर रिपोर्ट एकेक ओळ पुढे सरकत होता, लोकांचं वाचणं चालू होतं, प्रेशरच्या नोंदी मधूनमधून जात होत्या. मी मल्लप्पांकडे बघितलं. त्यांनी अंगठा शर्टाला पुसला आणि लाल बटण दाबलं.

चाक फिरलंच नाही. पडद्यावर सूचना आली: पाणी पिऊ नका. साहेबांचा रिपोर्ट मात्र मध्येच थांबला.

"हे काय? माझं का थांबलं?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात दाराजवळून आवाज आला. "तडीरी सर, मोदल नंदु." थांबा साहेब, आधी माझं.

मल्लप्पांना आपण काय बोललो ते नंतर लक्षात आलं आणि ते भिंतीला टेकले. साहेबांनी आणखी दोनदा करून बघितलं. एकदा तर आम्हाला बाहेर उभं करून, स्वतः दार लावून. मग पीएला हाक मारून मल्लप्पांचा कागद मागवला आणि सही केली. सही करताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "रिपोर्ट थोडा लवकर होईल असं बघा."

तो थोडा लवकर झाला, फार नाही.

खाली आल्यावर देसाई सरांनी सगळ्यांना मिरची भजी खायला घातली. मल्लप्पा दुसऱ्या दिवसापासून कामावर होते. त्या उन्हाळ्यात आजारी पडलेल्यांना या सगळ्याचा काही उपयोग झाला नाही, ते मला ठाऊक आहे. पुस्तकात असतं तसं आहे म्हणून मी ते जुनं कुलूप कधी तपासून बघितलं नव्हतं. तेव्हापासून पुस्तकातलंही तपासते. आमचं काम गेलं नाही. साहेबांनी उलट आणखी काही भाग आमच्याकडे दिले, बहुधा दुसरं कोणी मिळालं नाही म्हणून.

त्यानंतर दोनदा घाण पाणी आलं. दोन्ही वेळा मल्लप्पांच्या भागात नव्हे, दुसऱ्या व्हॉल्व्हमनच्या. दोन्ही वेळा लोक ॲपवर तुटून पडले होते. दोन्ही वेळा सूचना पाण्याच्या आधी पोचली, आणि कोणी आजारी पडलं नाही. मल्लप्पा पूर्ण नोकरी करून निवृत्त झाले. आमचा प्रोग्रॅम आज जिथे चालतो तिथे लाल बटण दाबणाऱ्याला, तो कोणीही असो, थांबावं लागत नाही. ते कुलूप मी लिहिलं.